पळून जाण्याची परवानगी

हिंदी सिनेमातल्या नायिकेला घरातून पळून जायचं असेल, तर बरेच आठवडे आधी अर्ज करावा लागतो. रेल्वेला वेगळा, पोलिसांना वेगळा, वाटेत जंगल लागलं तर वनखात्याला, रस्ता अडणार असेल तर तो ज्याच्या ताब्यात असेल त्या खात्याला आणि गाव लागलं तर सरपंचांना. रेल्वेच्या अर्जाला पटकथाही जोडायची असते. आपल्या डब्यात कोण कोणाच्या प्रेमात पडणार आहे, हे रेल्वेला आधी कळलेलं बरं. शिवाय अनामत, विमा आणि परवाना शुल्क. हे सगळं मार्गी लागलं, सगळ्या प्रतींवर शिक्के बसले, की मग ती मध्यरात्री कोणाला पत्ता लागू न देता खिडकीतून उडी मारते.

वाटेत गाय आडवी आली आणि दोघांची मोटार थांबली, असा साधा प्रसंग लेखक लिहून मोकळा होतो. त्या गाईसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे अर्ज जातो. ती धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. एरवी आपल्याकडे गाईला भर चौकात बसायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. पण कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हटलं की तिची फाइल नायकापेक्षा जाड होते. बरं, एवढे कागद करून ती ऐन वेळी उठून जाते ते वेगळंच.

प्रवासात जमणाऱ्या प्रेमाच्या या हलक्याफुलक्या सिनेमांबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे ते यामुळे. पडद्यावर दोन बेफिकीर जीव, एक सॅक, ना तिकीट ना पत्ता. आणि पडद्याच्या अलीकडे त्यांची बेफिकिरी उभी करण्यासाठी रात्रंदिवस फिकीर करणारी दोनशे माणसं, जनरेटरची गाडी, व्हॅनिटी व्हॅन, जेवणाचे टेम्पो आणि छत्री घेऊन उभा असलेला स्पॉटदादा. ‘आपण कुठे चाललोय ते आपल्यालाही माहीत नाही’ असं नायिका वाऱ्यावर केस सोडून म्हणते, तेव्हा ती कुठे चालली आहे हे त्या दोनशे जणांच्या कॉलशीटवर आदल्या रात्रीच छापून आलेलं असतं. नाश्त्याच्या वेळेसकट.

ही पळण्याची परंपरा तशी जुनी. फ्रँक काप्रानं १९३४ साली ‘इट हॅपन्ड वन नाइट’ काढला. श्रीमंत बापाची लाडावलेली मुलगी पळते, बसमध्ये एक फटकळ पत्रकार भेटतो, पैसे संपतात, एकाच खोलीत रात्र काढावी लागते आणि मधे दोरीवर घोंगडी टांगली जाते. त्याला पाच मोठी ऑस्कर मिळाली. घोंगडी मिळून अर्थातच. आपल्याकडे १९५६ साली राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ त्याच वाटेनं गेला आणि १९९१ साली महेश भट्टांनी आमिर खान आणि पूजा भट्टला त्याच वाटेला लावून ‘दिल है कि मानता नहीं’ काढला. म्हणजे एकच मुलगी सत्तावन्न वर्षं एकाच बापाच्या घरातून पळते आहे आणि बाप अजून खिडकीला गज बसवत नाही.

तेव्हाच्या पटकथालेखकांचं बरं होतं. पाकीट मारलं गेलं की दोघं रस्त्यावर आलीच. आता पाकीट मारून उपयोग नाही, त्यात कुणी पैसेच ठेवत नाही. आधी मोबाइल पाण्यात पाडावा लागतो. मग प्रेक्षकांतला एक शहाणा पुटपुटतो, ‘दुसऱ्याच्या फोनवरून लाव की,’ म्हणून दुसऱ्याची बॅटरी संपवावी लागते. मग पॉवर बँक चोरीला जाते. मग त्या गावात रेंज नसते. इतकं सगळं जमवून आणल्यावर मागच्या टपरीवर क्यूआर कोड लटकलेला दिसला तर मुसळ केरात, म्हणून आर्ट डिपार्टमेंटचा एक पोरगा सकाळपासून गावातले क्यूआर कोड झाकत फिरत असतो आणि त्याच्या मागे टपरीवाले ‘गिऱ्हाईक गेलं ना राव’ म्हणून ओरडत असतात. वाट चुकणं तर बंदच झालं. पूर्वी दोघं वाट चुकायची, भांडायची आणि प्रेमात पडायची. आता ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ म्हणणारी बाई मधे बसलेली असते. तिच्यासमोर कोण काय बोलणार?

इम्तियाझ अलीचा ‘जब वी मेट’ २००७ साली आला. तेव्हा स्मार्टफोन सगळ्यांच्या हाती गेले नव्हते, ही त्या सिनेमावर दैवाची मोठीच कृपा. त्यातली गीत एकदा गाडी चुकवते, टॅक्सीनं पाठलाग करून रतलामला तीच गाडी गाठते आणि तरीही पाण्याच्या बाटलीच्या भावावरून विक्रेत्याशी हुज्जत घालत राहते. गाडी निघून जाते. सगळ्या हिंदी प्रेमपटांत शंभर टक्के खरा वाटावा असा मला सापडलेला हा एकमेव प्रसंग. छापील किमतीपेक्षा जास्त मोजून गाडी पकडावी की तत्त्वाला धरून राहावं, हा पेच माझ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी फलाटावर उभा राहिला आहे, आणि दर वेळी पेच सुटायच्या आत गाडी सुटली आहे. फरक इतकाच की आमच्या काकूंच्या मागे शाहिद कपूर उभा नव्हता, काका होते. आणि ते गात नव्हते.

तो सिनेमा मला या जातीतला सगळ्यात चांगला वाटतो, त्याचं कारणही फलाटच. त्यातलं प्रेम डोंगरावर पोचायच्या आधी टॅक्सीत, फलाटावर आणि ‘हॉटेल डिसेंट’ नावाच्या अजिबात डिसेंट नसलेल्या लॉजमध्ये बरंचसं उरकलेलं असतं. पुढे बर्फ येतो, पण बर्फाच्या जिवावर काही चाललेलं नसतं. नाहीतर पुष्कळ प्रवासपटांत प्रेम कुठे सुरू झालं विचारलं तर एअरलाइनची जाहिरात कुठे संपली ते शोधावं लागतं.

प्रवासपटात सगळ्यात कमी प्रवास करते ती मोटार. भर रस्त्यावरचा प्रसंग असला की ती एका बुटक्या ट्रेलरवर चढवतात. त्याला लो-लोडर म्हणतात. ट्रेलर पुढचा ड्रायव्हर चालवतो, नायक वर बसून नुसतं चाक फिरवतो आणि नायिका त्याला म्हणते, ‘किती छान चालवतोस तू!’ जुन्या काळी गाडी स्टुडिओतच असायची आणि मागच्या पडद्यावर रस्ता पळायचा. रस्ता नाकासमोर सरळ, पण हीरो चाक असं गरागरा फिरवी की एसटीच्या ड्रायव्हरला तिथेच निलंबित केलं असतं. आता मागे एलईडीची भिंत असते. रस्ता अधिक स्वच्छ दिसतो, एवढीच प्रगती.

पैसे बेताचे असले तर याहून साधी रीत आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत रात्रीच्या एका शिफ्टला ती मला बघायला मिळाली. चारी बाजूंनी काळं कापड ताणलेलं, मधे मोटार. मागच्या बंपरखाली लाकडी फळी घालून दोन सेटिंगवाले तिच्यावर बेताबेतानं भार देत होते, त्यामुळे गाडी खड्ड्यांतून गेल्यासारखी डुलत होती. एकजण ढकलगाडीवर दिवा ठेवून काचेसमोरून सर्रकन नेई. झाला समोरून आलेला ट्रक. आणि एक दादा हातात आंब्याची डहाळी घेऊन मुख्य दिव्यासमोरून पळत सुटे. झालं रस्त्याकडेचं झाड. टोकाला पोचला की वाकून कॅमेऱ्याच्या खालून परत यायचा आणि पुन्हा झाड व्हायचा. आत दोघं स्वेटर घालून हिमाचलच्या गारठ्याबद्दल बोलत होती आणि बाहेर सगळा महामार्ग घामानं निथळत होता. दोन टेक झाल्यावर दिग्दर्शक म्हणाला, “गाडीचा स्पीड जरा वाढवा.” दादानं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि डहाळी नीट धरली.

चहाला तो भेटला तेव्हा मी विचारलं, “कधी मनालीला गेलाय का हो?”

“मघाशी चंदीगडपर्यंत पळालो,” तो म्हणाला. “मनाली जेवणानंतर.”

शूटिंगला गोष्टीचा क्रम नसतो, जागेचा असतो. हवेली सोमवारी मोकळी म्हणून सोमवारी लग्न, बुधवारी कडाक्याचं भांडण आणि पुढच्या महिन्यात, रेल्वेची तारीख मिळाली की, पहिली ओळख. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांचाही क्रम साधारण असाच असल्यामुळे नटनट्यांना ते जड जात नसावं. जड जातं ते कंटिन्युइटी बघणाऱ्या मुलीला. नायिकेच्या डाव्या कोपराला खरचटलं होतं की उजव्या, सॅकचा पट्टा सुटलेला होता की लावलेला, अर्धी खाल्लेली कचोरी कुठून खाल्लेली होती, हे सगळं तिच्या फोनमध्ये असतं. खरचटायच्या आधीचे प्रसंग नंतर होणार असल्यामुळे ती जखम हळूहळू ताजी होत जाताना बघणारी ही जगातली एकमेव व्यक्ती.

कपड्यांचं तर विचारूच नका. अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेल्या मुलीच्या एका ड्रेसच्या तीन-तीन जोड्या असतात: एक कोरडी, एक पावसात भिजवायची, एक चिखलात लोळवायची. मळका कपडाही आपोआप मळत नाही. चहाचं पाणी, मुलतानी माती, घासायला ब्रश, असा सरंजाम घेऊन कॉस्च्यूमवाले दुपारभर नवीकोरी ओढणी खराब करत बसलेले असतात. पाऊस टँकरनं येतो. मे महिन्यात सातारा-सोलापूरकडच्या एखाद्या गावात टँकर शिरला की आधी हंडे बाहेर पडतात; हा टँकर नायक-नायिकेचा आहे, असं सांगायला एक माणूस उभा करावा लागतो आणि तो फार वेळ उभा राहू शकत नाही. पहाट संध्याकाळी करतात, कारण स्टार पहाटे उठत नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रातून उगवणारा सूर्य ज्यांनी सिनेमात पाहिला असेल, त्यांनी गोवा पश्चिमेला आहे हे विसरून जावं. दोघांची मनं जुळत असताना भूगोलाचा पेपर काढू नये.

भूगोलाचं म्हणाल तर वाईकरांइतका तो कुणीच गुंडाळलेला नाही. ‘गंगाजल’चा बिहार वाईला, ‘दबंग’चं लालगंज वाईला, ‘चेन्नई एक्स्प्रेस’मधलं तमिळ गाव वाईला आणि ‘स्वदेस’मधलं उत्तरेचं चरणपूर तिथून हाकेच्या अंतरावर मेणवलीला. नाना फडणविसांनी वाडा बांधला, कृष्णेला घाट बांधला, सगळ्या हिंदुस्थानचं राजकारण हाताळलं; पण सगळा हिंदुस्थान एका घाटावर आणायचं काही त्यांना जमलं नाही. ते लोकेशन मॅनेजरनं केलं. पसरणीचा घाटही न चढता भारतभ्रमण करायचं असेल, तर वाईला एक खोली भाड्यानं घ्यावी. सकाळी मेणवलीकडे निघालेल्या माणसाला शेजारचा सहज सांगतो, “आज घाटावर बिहार आहे, वरच्या अंगानं जा.” रथयात्रा असो, होळी असो, अय्यप्पाची पूजा असो, सगळ्यात तीच ओळखीची तोंडं. मुंडू नेसलेला जो दणकट तमिळ गृहस्थ तुम्ही थिएटरात पाहिला, तो कदाचित गणपती आळीतला असेल आणि शॉट संपल्यावर त्यानं म्हशीची धार काढली असेल.

हे फक्त महाराष्ट्रातच चालतं असं नाही. ‘ये जवानी है दीवानी’ २०१३ साली आला आणि सगळी तरुण पोरं मनालीचा बर्फ शोधत निघाली. त्यातला बराचसा बर्फ काश्मीरचा, गुलमर्गचा होता. मनालीच्या हॉटेलवाल्यांनी याबद्दल गुलमर्गला कधी पेढे पाठवल्याचं ऐकिवात नाही.

परदेशाचं मात्र तसं नाही. तिथे जावंच लागतं, कारण तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला स्वित्झर्लंड लगेच ओळखू येतं. १९६७ साली राज कपूर ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये आठ डॉलरवर जगभर फिरला, सोबत आपल्या व्ही. शांताराम यांची कन्या राजश्री. आठ डॉलर ही लेखकाची गंमत नव्हती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे तेव्हा परदेशी जाणाऱ्याच्या हातात सरकार तेवढेच ठेवत असे. त्या रकमेत आज झुरिकच्या विमानतळावर धड कॉफी मिळेल की नाही, शंकाच आहे. पुढे यश चोप्रांनी स्वित्झर्लंडला इतक्या नायिकांना शिफॉनच्या साडीत बर्फावर उभं केलं, की त्या देशानं उपकार फेडायला इंटरलाकेनला २०१६ साली त्यांचा पुतळा उभारला. नायक कायम स्वेटर, जॅकेट, मफलरमध्ये, नायिका शिफॉनमध्ये. पुतळा खरं म्हणजे त्या नायिकांचा व्हायला हवा होता.

टोमॅटोची गोष्ट त्याहून भारी. झोया अख्तरनं २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ केला. स्पेनमधल्या बुन्योल गावचा टोमॅटो फेकायचा उत्सव त्यात हवा होता. उत्सव ऑगस्टमध्ये एकाच बुधवारी होतो, युनिटच्या तारखा वेगळ्या, म्हणून सगळा उत्सव नव्यानं मांडला. टोमॅटो पोर्तुगालहून आणले. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत १६ टनांचा आकडा आला होता. आमच्याकडे नारायणगावच्या बाजारात भाव पडला की याहून मोठा उत्सव रस्त्यावर फुकटात होतो, पण त्याला हृतिक रोशन येत नाही. आला तर शेतकरी त्याच्याकडे आधी वाहतूक खर्चाचं बोलेल.

या सगळ्याचा खरा हिशेब स्वित्झर्लंडमधल्या टिटलिसच्या शिखरावर लागतो. तिथे बर्फात शाहरुख आणि काजोल यांचा एक मोठा कटआउट उभा आहे. आपली माणसं तीन देश पार करून, केबल कारनं ढगात चढून, थेपल्याचा डबा सांभाळत तिथे पोचतात आणि पाठीमागच्या आल्प्सकडे पाठ करून त्या कटआउटसोबत फोटो काढतात. एवढ्याचसाठी यायचं होतं तर काम दादरलाच झालं असतं.

आणि रेल्वे. बस या प्रकाराला आपण बऱ्यापैकी न्याय दिला आहे. १९७२च्या ‘बॉम्बे टू गोवा’त ड्रायव्हरचं नाव राजेश आणि कंडक्टर मेहमूदचं खन्ना, आणि २००४च्या ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये गणपतीपुळ्याच्या एसटीत कंडक्टर अशोक सराफ. यापुढे कुणी काय करणार? पण प्रेम खरं फुलतं ते आगगाडीच्या दारात. ‘चेन्नई एक्स्प्रेस’चा राहुल मुंबईला गाडीत चढतो, कल्याणला उतरायचं ठरवतो आणि त्याला उतरता येत नाही. गर्दीच्या वेळी डोंबिवलीच्या पलीकडे राहणाऱ्या कुणालाही हा विनोद वाटला नाही, माहितीपट वाटला. पुढे चेन्नईला निघालेली ही गाडी सोलापूरची वाट सोडून गोव्याच्या हद्दीवरच्या दूधसागर धबधब्यापाशी येऊन थांबते. रेल्वेनं पटकथा वाचूनही हे कसं सोडलं कोण जाणे. बहुधा तेवढ्याच भागात कागदाला चहाचा डाग पडला असावा.

पण गाडीच्या दाराचा मान आपट्याचा. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ १९९५ साली लंडनहून निघाला, युरोपभर फिरला, स्वित्झर्लंडच्या चिमुकल्या स्टेशनांवर रेंगाळला, पंजाबात पोचला आणि शेवटची गाडी मात्र पनवेल-रोहा मार्गावर, रायगड जिल्ह्यातल्या आपट्याला पकडली. सिमरनला बापानं हात सोडून मोकळं केलं ते खरं, पण त्या गाडीनं ती फार तर पेणला पोचली असती. तिथे गणपतीच्या मूर्ती उत्तम मिळतात, पण पुढच्या आयुष्याची सोय कठीण. तिला मधल्या एवढ्या दारांतून चढता आलं असतं की, असं लोक तीस वर्षं विचारत आहेत. चढणार कशी? कॅमेरा एकाच दारासमोर होता. धावत्या गाडीत चढणं धोक्याचं आहे, असं ज्या रेल्वेचा आवाज दिवसभर बजावत असतो, तिच्याच परवानगीनं हा प्रकार झाला, हेही नमूद करून ठेवावं. तो सिनेमा मराठा मंदिरला वर्षानुवर्षं चालला आणि त्याच्या प्रेक्षकांत समोरच्या मुंबई सेंट्रलहून गाडी किंवा एसटी सुटायला वेळ आहे म्हणून आत येऊन बसणारेही असत. प्रवासपटाला इतका योग्य प्रेक्षक दुसरा मिळायचा नाही.

आपट्याला नंतरही पुष्कळ शूटिंगं झाली. शूटिंग असलं की स्टेशनच्या पाटीवर गुरुमुखी अक्षरं चढतात, फलाटावर फेटेवाले ज्युनिअर आर्टिस्ट पसरतात, लस्सीच्या गाड्या लागतात आणि उभ्या गाडीच्या डब्यात माणसं बसवली जातात. अशा वेळी हमखास एखादी मावशी टोपली घेऊन येते. तिला गुरुमुखी वाचता येत नाही, पण गाडी ओळखता येते. ती सरळ चढते आणि खिडकी धरते. वॉकीटॉकीवाला असिस्टंट धापा टाकत येतो.

“मावशी, उतरो, उतरो. ये गाडी नहीं जाएगी. शूटिंग है.”

“मग येवढी माणसं कशाला बसलीत?”

“वो सब आर्टिस्ट हैं.”

“आणि ती पोरगी कशाला पळतेय? गाडी जायाची नाय, तर पळायचं कशाला?”

असिस्टंट फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेला असतो, पण हा प्रश्न तिथे कुणी विचारलेला नसतो. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आरोळी येते, की खिडकीतली बाई फ्रेममध्ये झकास दिसते आहे, तिला राहू दे, फक्त टोपली लपव आणि डोक्यावर काहीतरी पंजाबी दे. कॉस्च्यूमवाला फुलकारीची ओढणी घेऊन धावतो. मावशी ओढणी उलटसुलट करून बघते, डोक्यावरून घेते, टोपली पायानं बाकाखाली सारते आणि असिस्टंटला विचारते, “हजेरी किती?”